आपल्या नावावरच्या नोंदी

कर्जासाठी बँकेत गेलेल्या माणसाकडे हल्ली सगळ्यात आधी पॅन नंबर मागितला जातो. पगाराच्या स्लिपा, सात-बारा, दुकानाचं शॉप ॲक्ट लायसन्स असं सगळं पिशवीत असतं. पण त्याला हात लागण्याआधीच पॅन टाकला जातो, मोबाइलवर ओटीपी येतो आणि मिनिटभरात टेबलापलीकडच्या स्क्रीनवर एक तीन आकडी संख्या उमटते. पुढचं बोलणं त्या संख्येवर ठरतं. ती कमी असली, तर “तुमचं सिबिल बसत नाही” एवढं ऐकवून कागद परत केले जातात. कुठल्या खात्यामुळे बसत नाही, कुठल्या महिन्यातला हप्ता आडवा आला, ती नोंद मुळात खरी आहे का, हे सांगणारा बघत नाही आणि ऐकणारा विचारत नाही. माणूस घरी परततो तो मान खाली घालून, आपल्यातच काहीतरी खोट आहे असं समजून.

हे पुस्तक त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी लिहिलं आहे. बँकेच्या कर्ज विभागात मी नोकरीची बरीच वर्षं काढली. टेबलाच्या त्या बाजूला बसून जे दिसलं त्यावरून माझं एक ठाम मत झालं आहे. आपल्याकडे स्कोअरची भीती फार आहे आणि रिपोर्ट वाचण्याची सवय जवळजवळ नाही. स्कोअर म्हणजे नोंदींवरून काढलेला आकडा. मूळ आहे ते नोंदींमध्ये. या नोंदी आपल्याबद्दलच्या असल्या तरी आपण केलेल्या नसतात. त्या बँकेने, फायनान्स कंपनीने, कार्ड देणाऱ्याने पाठवलेल्या असतात आणि पाठवताना त्यांच्या हातून चुका होतात. त्या वाचण्याचा आणि चुकीच्या असतील तर दुरुस्त करून घेण्याचा हक्क आपल्याला कायद्याने दिला आहे. ज्या हक्काची माहितीच नाही तो वापरणार कोण?

ही व्यवस्था आली कुठून, ते थोडक्यात सांगतो. पूर्वी कर्ज देताना मॅनेजर गावात चौकशी करायचा. माणूस कसा आहे, बाजारात त्याचा शब्द चालतो का, घरचं कोण ओळखीचं आहे, यावर कर्ज मिळायचं. ओळख असलेल्याला ते सोपं होतं. गावाबाहेरून आलेल्याला, वस्तीत राहणाऱ्याला, एकट्या बाईला तोच दरवाजा बंद असायचा. शिवाय एका बँकेचं बुडवून दुसरीकडे ताठ मानेने जाणाऱ्याला अडवायला काही साधन नव्हतं. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सिद्दिकी समितीच्या शिफारशींनंतर २००० साली मुंबईत सिबिल ही कंपनी स्थापन झाली. २००४ पासून व्यक्तींच्या कर्जाची माहिती तिच्यामार्फत बँकांना मिळू लागली. २००५ साली पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा झाला आणि डिसेंबर २००६ मध्ये तो अमलात आला. आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क. पहिली आली म्हणून बोलण्यात सगळ्यांनाच ‘सिबिल’ म्हटलं जातं. पण २०१५ पासून प्रत्येक बँकेला आणि फायनान्स कंपनीला चौघींचंही सभासद व्हावं लागतं. त्यामुळे आपल्या नावाच्या वह्या चार आहेत आणि एकीत नसलेली चूक दुसरीत असू शकते.

या व्यवस्थेचं श्रेय मी नाकारत नाही. तारण नसलेल्या, ओळख नसलेल्या नोकरदार मुलाला आज चार दिवसांत कर्ज मिळतं, ते या नोंदींमुळेच. कोणाची जात, धर्म, गाव या आकड्यात धरलं जात नाही. पगार, बँकेतली ठेव, नावावरची जमीन यांचाही स्कोअरशी संबंध नाही. कोटभराची मालमत्ता असलेल्याचा स्कोअर पडलेला आणि बारा हजारांवर राबणाऱ्या मुलीचा उत्तम, असे रिपोर्ट मी पाहिले आहेत. घेतलेलं वेळेवर फेडलं का, एवढंच तिथे बघितलं जातं. पण ही न्याय्य गोष्ट नोंदी बरोबर असतील तरच न्याय्य राहते.

तेव्हा रिपोर्टमध्ये असतं काय, ते आधी पाहू. सुरुवातीला ओळख: नाव, जन्मतारीख, पॅन, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्टचा क्रमांक, फोन नंबर, पत्ते. मग खाती. प्रत्येक कर्जाचं आणि कार्डाचं एकेक खातं: कोणी दिलं, कधी दिलं, किती दिलं, आता किती बाकी, थकीत किती, आणि त्या खात्याशी आपलं नातं काय, म्हणजे स्वतःचं, संयुक्त की जामीनदार. शेवटी चौकशा: कोणत्या संस्थेने कोणत्या तारखेला कशासाठी आपला रिपोर्ट मागवला. कर्जासाठी अर्ज केल्यावर बँक जी चौकशी करते ती इथे उमटते आणि थोड्या दिवसांत अशा फार चौकशा झाल्या तर स्कोअर खाली येतो. आपला रिपोर्ट आपणच काढला तर मात्र काहीही फरक पडत नाही. “सारखं बघितलं की सिबिल कमी होतं” ही समजूत चुकीची आहे. तिच्यापायी लोक स्वतःचीच नोंद वाचायला घाबरतात, म्हणून हे इथेच स्पष्ट सांगून टाकतो.

खात्याच्या खाली महिन्यांची एक चौकट असते. साधारण तीन वर्षांचा, म्हणजे ३६ महिन्यांचा हिशेब तिच्यात मांडलेला असतो. प्रत्येक महिन्याच्या घरात तीन अक्षरं किंवा तीन आकडे. तीन शून्यं म्हणजे त्या महिन्यात काही थकलेलं नव्हतं. ०३० म्हणजे हप्ता तीस दिवस उशिरात होता. काही घरांत आकड्यांऐवजी ‘एसटीडी’ दिसतं, म्हणजे खातं नियमित वर्गात होतं. ‘एक्सएक्सएक्स’ दिसलं तर त्या महिन्याची माहिती संस्थेने पाठवलीच नव्हती. तो आपला दोष नाही. रिपोर्ट वाचताना बहुतेक जण स्कोअर पाहून कागद बाजूला ठेवतात. खरं वाचायचं ते या चौकटीत. एखाद्या महिन्यात ०६० दिसलं आणि आपल्या पासबुकात त्या महिन्याचा हप्ता कापलेला असेल, तर तिथेच बोट ठेवायचं. पासबुकाचं तेवढं पान पुरावा म्हणून पुरतं.

आता चुका. यातला मोठा भाग नावांचा आहे आणि आपल्याकडे तो इतरांपेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे. मराठी माणसाचं नाव इंग्रजीत दहा ठिकाणी दहा तऱ्हेने लिहिलं जातं. वाघ कुठे ‘डब्ल्यू’ने सुरू होतो, कुठे ‘व्ही’ने. लक्ष्मणमध्ये कोणी ‘एक्स’ घालतं, कोणी ‘के’. वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. पत्ता ‘मु. पो.’ने सुरू होतो आणि तालुक्याच्या नावावर संपतो. घर नंबर नसतोच. अशा नोंदी जुळवताना संगणकाला जन्मतारखेचा मोठा आधार असतो. आणि नेमकी तीच आपल्याकडे दगा देते. एक जून! शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख आठवली नाही की गुरुजी एक जून लिहीत. त्या तारखेला जन्मलेली माणसं महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात डझनाने सापडतील. दोन वेगळ्या जिल्ह्यांतले दोन पाटील, पहिलं नाव तेच, वडिलांचं आद्याक्षर तेच, साल तेच आणि जन्मतारीख दोघांची एक जून. त्यात एकाच्या जुन्या कर्जाला पॅन जोडलेला नसला, तर त्याचं थकलेलं ट्रॅक्टरचं कर्ज दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये येऊन बसतं.

एका शिक्षिकेचा रिपोर्ट माझ्या चांगला लक्षात आहे. नोकरी कायम, पगार वेळेवर, आयुष्यात एकच कर्ज घेतलेलं. ते लग्नाआधीचं शिक्षणासाठीचं, आणि नोकरी लागल्यावर हप्त्याहप्त्याने पूर्ण फेडलेलं. घरासाठी अर्ज केला तेव्हा त्या शैक्षणिक कर्जाचा मागमूस नव्हता, कारण ते माहेरच्या नावावर होतं आणि घेताना पॅनच काढलेला नव्हता. उलट एक दुचाकीचं कर्ज तिच्या नावावर दिसत होतं, तीन हप्ते थकलेलं, ज्या जिल्ह्यात ती कधी राहिली नव्हती तिथलं. खात्याशेजारी जन्मतारीख होती एक जून. तिचीही तीच. म्हणजे जे चांगलं केलं ते तिच्या नावावर नव्हतं आणि जे केलंच नव्हतं ते होतं. लग्नानंतर नाव, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि काही घरांत मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलण्याची रीत आहे. तिची ही किंमत बायकांना मोजावी लागते आणि ती मोजतोय हे त्यांना माहीतही नसतं. म्हणून या पुस्तकात नाव बदललेल्या स्त्रियांसाठी वेगळं प्रकरण ठेवलं आहे. जुन्या कर्जाचं खातं बंद झाल्याचं पत्र, लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद आणि पॅनवरची दुरुस्ती, हे कागद जोडून ज्या बँकेने कर्ज दिलं होतं तिलाच माहिती सुधारून पाठवायला लावावं लागतं. काम किचकट आहे, पण होतं.

दुसरी गोष्ट जामिनाची. आपल्याकडे ‘नाही’ म्हणता न येणाऱ्या गोष्टींत जामीन राहण्याचा नंबर फार वरचा. सहकारी असतो, चुलतभाऊ असतो, मेव्हणा असतो. “नुसती सही तर करायची आहे,” असं म्हणतात. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराने पैसे दिले नाहीत तर बँक थेट जामीनदाराकडे येऊ शकते, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण ते कर्ज जामीनदाराच्या रिपोर्टमध्येही खातं म्हणून उभं राहतं, हे फार थोड्यांना माहीत आहे. मेव्हण्याने हप्ते थकवले आणि मुलाच्या शिक्षणाचं कर्ज आपलं अडलं, असं घडतं तेव्हा नाती तुटतात. जामीन राहू नका असं मी म्हणणार नाही. आपल्या समाजाचा बराच व्यवहार या भरवशावर चालतो. पण राहिलात तर कर्ज फिटेपर्यंत ते खातं स्वतःच्या खात्यासारखं दरवर्षी बघा.

मग ‘सेटलमेंट’. थकलेल्या कर्जापायी रोज फोन येतात, माणूस जेरीस येतो आणि एक दिवस फोनवरचा माणूस नरम आवाजात म्हणतो, “साठ हजार आहेत ना, पंचवीस भरा, विषय मिटवून टाकू.” उसनवारी करून पंचवीस भरले जातात. पत्र येतं. माणूस सुटलो म्हणून श्वास सोडतो. रिपोर्टमध्ये मात्र ते खातं ‘बंद’ असं न येता ‘सेटल्ड’ असं येतं आणि पुढची कित्येक वर्षं प्रत्येक बँक ते शब्दशः वाचते: या माणसाने पूर्ण पैसे दिले नव्हते. कायद्याप्रमाणे या कंपन्यांना माहिती किमान सात वर्षं जपून ठेवावी लागते. खरोखरच नाइलाज असेल, आजारपण असेल, धंदा बसला असेल, तर तडजोड करण्यात पाप नाही. पण करताना तिचा परिणाम माहीत असायला हवा, आणि वसुलीचा फोन करणारा तो सांगत नाही. यावर उपाय आहे. उरलेली रक्कम पुढे कधीतरी भरून बँकेकडून ‘नो ड्यूज’ घ्यायचं आणि खातं ‘क्लोज्ड’ करून मागायचं. त्याच्याच शेजारी आणखी एक शब्द दिसतो, ‘रिटन ऑफ’, म्हणजे निर्लेखित. बातम्या वाचून लोकांना वाटतं, कर्ज माफ झालं. माफ झालेलं नसतं. बँकेने आपल्या ताळेबंदातून ते बाजूला काढलेलं असतं. देणेकऱ्याचं देणं तसंच राहतं आणि रिपोर्टमधली ही नोंद तर फारच जड असते.

लहान रकमांबद्दलही लिहायला हवं, कारण तरुण मुलं तिथेच अडकतात. मोबाइलच्या दुकानात बिनव्याजी हप्त्यांवर घेतलेला फोन हे कर्जच असतं. ॲपवरून घेतलेले पाच हजार, ऑनलाइन खरेदीवर ‘नंतर पैसे द्या’ म्हणणारी सोय, यातलंही बरंचसं रिपोर्टमध्ये खातं म्हणूनच येतं. पगाराचं खातं बदललं, जुन्या खात्यात पैसे नव्हते, बाराशेचा हप्ता परत गेला. रक्कम बाराशेची असो वा बारा लाखांची, महिन्याच्या घरात उशीर तेवढाच दिसतो. न वापरलेल्या क्रेडिट कार्डाची वार्षिक फी अशीच साचत जाते. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कार्डांसाठी जे नियम केले त्यांत दोन गोष्टी ग्राहकाच्या बाजूच्या आहेत. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच खातं थकीत म्हणून कळवायचं, आणि कार्ड चालू केलेलंच नसेल तर त्याची माहिती पतमाहिती कंपनीला पाठवायचीच नाही. कधीच चालू न केलेलं कार्ड रिपोर्टमध्ये थकीत दिसत असेल, तर या नियमाचा आधार घेऊन तक्रार करता येते.

स्कोअरबद्दल या प्रस्तावनेत थोडंच सांगतो. तो ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. चारही कंपन्यांची मोजण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे चार आकडे वेगळे येतात आणि त्याने घाबरून जायचं कारण नाही. वेळेवर परतफेड, कार्डाच्या मर्यादेपैकी किती भाग सतत वापरात आहे, खाती किती जुनी, नवी कर्जं किती घाईघाईने मागितली, यांवर तो हलतो. त्याचा खिशाशी संबंध मात्र थेट आहे. बऱ्याच बँका आता गृहकर्जाचा दर स्कोअरवर ठरवतात. चाळीस लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी मिळालं तर महिन्याचा हप्ता सुमारे ३४,७०० रुपये बसतो. सव्वानऊ टक्क्यांनी तोच ३६,६०० च्या वर जातो. पाऊण टक्क्याचा हा फरक वीस वर्षांत साडेचार लाखांहून जास्त होतो. एका चुकीच्या नोंदीची किंमत एवढी असू शकते. आणि आता हा आकडा कर्जापुरताही राहिलेला नाही. २०२५ च्या जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका उमेदवाराची बँकेतली नेमणूक त्याच्या कर्जफेडीच्या खराब इतिहासावरून रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला. बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. दुसरीकडे, केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं की केवळ स्कोअर कमी आहे म्हणून विद्यार्थ्याचं शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही.

तालुक्याच्या गावी हल्ली ‘सिबिल वाढवून मिळेल’ अशा पाट्या दिसतात. पाच-दहा हजार रुपये घेऊन हे लोक तेच करतात जे आपण घरबसल्या फुकट करू शकतो, म्हणजे तक्रार नोंदवतात. खरी असलेली वाईट नोंद पैसे देऊन कोणालाही पुसता येत नाही. तसं आश्वासन देणारा माणूस फसवतोय. त्याला पॅन, आधार आणि ओटीपी देणं म्हणजे पुढच्या फसवणुकीला स्वतःच्या हाताने दार उघडून देणं.

आता हक्कांकडे येतो. या पुस्तकाचा गाभा तोच आहे. २०१७ पासून चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा स्कोअरसह पूर्ण रिपोर्ट मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट, एक पैसाही न देता. दर तीन महिन्यांनी एका कंपनीचा काढला तर वर्षभर नजर राहते. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर पैसे भरून घ्यायच्या योजना ठळक असतात. मोफत रिपोर्टची लिंक शोधून तिथेच जावं. चूक सापडली तर त्याच संकेतस्थळावर वाद नोंदवता येतो. पतमाहिती कंपनीला स्वतःहून नोंद बदलता येत नाही, तिला ज्या बँकेने माहिती पाठवली तिच्याकडे विचारावं लागतं. म्हणून तक्रार दोन्हीकडे, कंपनीकडे आणि बँकेकडे, लेखी करणं चांगलं. बँकेने २१ दिवसांत उत्तर द्यायचं आणि एकूण ३० दिवसांत प्रश्न मिटवायचा. नाही मिटला तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराच्या खात्यात जमा करावी लागते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण उशिराची किंमत पहिल्यांदाच समोरच्याला मोजावी लागते आहे. दुरुस्तीची विनंती नाकारली तर कारण सांगावं लागतं. कोणी आपला रिपोर्ट काढला तर मोबाइलवर किंवा ईमेलवर सूचना यायला हवी. न मागितलेल्या कर्जाच्या चौकशीची अशी सूचना आली, तर आपल्या पॅनवर कोणीतरी कर्ज काढायला बघतंय असं समजावं आणि त्याच दिवशी हालचाल करावी. एवढं करूनही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत आणि तिथे तक्रारीला शुल्क नाही.

जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्याऐवजी दर पंधरवड्याला पाठवावी लागते. फेडलेलं कर्ज आता लवकर ‘फेडलेलं’ दिसायला हवं, हा त्याचा फायदा. चुकलेला हप्ताही तितक्याच लवकर दिसतो.

या व्यवस्थेबद्दल माझी तक्रार आहे ती दोन माणसांच्या वतीने. पहिला माणूस शेतकरी. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याच्या मापाने ही चौकट आखली आहे. पीककर्ज पीक विकल्यावर फिटतं आणि पीक पावसावर असतं. कर्जमाफी जाहीर झाली, यादीत नाव आलं, बँकेत पैसे जमा झाले, तरी रिपोर्टमधलं जुनं थकीत खातं तसंच राहिलं, अशा तक्रारी गावोगाव ऐकू येतात. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असं राज्य सरकारने बँकांच्या राज्यस्तरीय समितीत बजावलं आहे. तरी शाखेत पोचल्यावर पहिला प्रश्न पॅनचाच असतो. कर्जमाफीचं प्रमाणपत्र ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते जपून ठेवावं आणि खातं बंद दाखवायची मागणी बँकेकडे लेखी करावी. दुसरा माणूस म्हणजे ज्याची नोंदच नाही तो. गावच्या पतसंस्थेत वीस वर्षं व्यवहार, भिशीचा एक हप्ता कधी चुकवला नाही, किराण्याची उधारी दर महिन्याला चुकती. यातलं काहीही साधारणपणे रिपोर्टमध्ये येत नाही. अशा माणसाच्या नावापुढे आकड्याच्या जागी ‘इतिहास नाही’ अशी खूण येते आणि मॅनेजर तीच वाईट मानतो. इतिहास नसणं आणि इतिहास खराब असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितलं आहे आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अर्थ राज्यमंत्र्यांनी ते लोकसभेतही सांगितलं. रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी किमान स्कोअर ठरवून दिलेला नाही. तुम्हाला तसं कोणी सांगितलं तर नियम लेखी मागा.

पुढच्या प्रकरणांत रिपोर्टचं एकेक पान उलगडून दाखवलं आहे, तक्रारीच्या पत्रांचे नमुने मराठीत दिले आहेत आणि कुठल्या चुकीला कोणता कागद लागतो तेही सांगितलं आहे. पुस्तक नुसतं वाचून ठेवण्यासाठी नाही. दुसरं प्रकरण उघडण्याआधी चौघींपैकी एका कंपनीचा आपला मोफत रिपोर्ट काढून छापून घ्या आणि तो शेजारी ठेवून वाचा. मग पत्नीचा काढा, आईचा काढा, वडिलांनी कोणाला जामीन दिला असेल तर त्यांचाही. घर घ्यायचं ठरल्यावर किंवा मुलाच्या प्रवेशाच्या आठवड्यात हे काम करायला बसू नका. दुरुस्तीला नियमानेच महिना लागतो आणि कागद हुडकण्यात त्याहून जास्त वेळ जातो. रिपोर्ट काढायला पॅन, मोबाइल आणि पंधरा मिनिटं लागतात. वाद नोंदवायला एक रुपयाही लागत नाही.